करंगळीएवढे पाच पावे

"चोरी झाली हा," जिना चढता चढताच वेरोनिका फर्नांडिस म्हणाली. "आणि पोलिसांत जाऊक येणा नाय."

मालवणच्या बाजारात एका बेकरीच्या डोक्यावर अनुजा वाळके हिचं ऑफिस आहे. खासगी तपासाची कामं ती करते आणि ती बऱ्यापैकी चालतात. सोबतीला दाजी. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, अनुजाच्या वडिलांचे दोस्त. गाडी चालवणं हे त्यांचं काम. तपासात मत देणं हे त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं काम, आणि ते मत बहुतेक वेळा चुकतं.

"बसा, वेरोनिकाबाय. पयला पाणी पिया. काय चोरीक गेला?"

"ऑर्गनाचे पाच पावे. सगळ्यात बारके. करंगळीएवढे."

हळूहळू सगळं बाहेर आलं. वेरोनिकाचा थोरला भाऊ कॉन्स्टान्सियो, शाळेतला निवृत्त गणिताचा मास्तर. आजोबांनी गोव्याहून होडीतून आणलेला एक ऑर्गन घराशेजारच्या कोपेलात, म्हणजे घरच्या छोट्या प्रार्थनाघरात, मोडून पडला होता. मास्तरांनी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्याच्यात घातली. पावा न् पावा स्वतः घासून, तासून उभा केला. आज चार वाजता तो पहिल्यांदा चारचौघांसमोर वाजायचा होता, तोही पुण्याहून आलेल्या तीन व्हायोलवादकांच्या साथीने. तिकीट नाही, पत्रिका नाही. ज्याला ऐकायचं त्याने आपली खुर्ची घेऊन यायचं.

"सकाळी आमच्या सबीनान वाजवूक हात ठेवल्यान, तर वरचे पाच सूर गप. आत बघता तर पावेच नाय!"

"दादांना सांगितलंत?"

"खुळी काय गो तू? गेल्या वरसा त्येच्या काळजाचा ऑपरेशन झाला. त्येका आमी काय्येक सांगूक नाय. सकाळपासून कोपेलात पाऊल टाकूक देवक नाय."

"संशय कोणावर?"

वेरोनिकाने पदराशी चाळा केला. मग म्हणाली, "रॉकी. दादाचो झील. कोपेलात पर्यटकांसाठी खोल्यो करूया म्हणून त्येचा चललेला. पुण्याच्या विनीतान पण त्येका फोनार कायतरी बोलताना ऐकल्यान. आधीच बापूस-झील एकमेकांवांगडा बोलनत नाय. मी सकाळी त्येका तोंडार विचारलंय, तर तो बॅग भरूक लागलो. गोव्याक जाता म्हणता. अनुजा, ह्या जर त्येचा काम निघाला, तर दादा त्येका परत घरात घेवचो नाय. आणि नसला, तरी आता तो ऱ्हवाचो नाय. चार वाजायच्या आधी काय ता शोधून काढ गो."

अनुजाने दाजींकडे पाहिलं. दाजींनी हातातली नानकटाई तोंडात टाकली आणि गाडीची किल्ली उचलली.

*

घर समुद्राला लागून होतं. माडांखाली गाडी लावताना दाजींनी मान वर केली. "नळे आताच परतल्यानी वाटता. घर बरा ठेवलेला हा." मग सीट मागे सरकवून त्यांनी डोळे मिटले. "तू बघून ये, बाय. मी हय आसंय."

कोपेलात पाऊल टाकलं आणि अनुजा क्षणभर जागीच राहिली.

खिडक्या सगळ्या घट्ट बंद होत्या. आतल्या अंधारात पूर्वेच्या भिंतीला टेकून तो ऑर्गन उभा होता. दुरून फणसाच्या लाकडाचं मोठं कपाटच. पण कपाटाच्या तोंडावर कथलाचे पावे ओळीने उभे, मध्ये माणसाच्या उंचीचे, कडेला बोटभर. एवढ्या खाऱ्या हवेत कोणीतरी ते इतके चकचकीत ठेवले होते, की बघताना आपोआप आवाज खाली यावा. शेजारी लाकडी दांड्याचा भाता होता. दांडा दाबला की पाव्यांत हवा जाते, एवढं तिलाही कळलं.

तिथेच तिघे वादक बसले होते. व्हायोल म्हणजे व्हायोलिनची थोराड नातलग. गुडघ्यांमध्ये उभी धरायची, सहा तारांची, आणि तारा जनावराच्या आतड्याच्या, आपल्याकडे जिला तात म्हणतात तिच्या. तिघांनी सूर जुळवायला गज ओढले. चारशे वर्षांपूर्वीचं कुणाचं तरी संगीत होतं ते. आवाज मोठा नव्हता. माणूस मनातल्या मनात बोलतो तेवढाच. पण अनुजाच्या हातांवर काटा आला, आणि आपण चोरीच्या तपासाला आलो आहोत हे ती चक्क विसरली.

भानावर आल्यावर ती कामाला लागली. ऑर्गनचं झाकण उघडलं. आत शेवटची पाच भोकं रिकामी. नव्हे, रिकामी नव्हेतच. प्रत्येक भोकात पांढऱ्या मऊ कातड्याची चकती नीट बसवलेली. तसंच कातडं भात्याच्या ठिगळांना होतं.

वाजवायच्या बाकावर विटकरी रंगाची भुकटी होती. बाजूला जमिनीवर उन्हाचा हातभर चौकोन पडला होता. अनुजा त्या चौकोनाकडे बघत राहिली. मग तिने पुन्हा एकदा बंद खिडक्या पाहिल्या.

"खिडक्या कोणी लावल्या?"

"मी," मोठ्या व्हायोलच्या मागून विनीत म्हणाला. पुण्याचा, तिघांचा म्होरक्या. "समुद्राची हवा लागली की तात सैल पडते. काल माझी एक तुटलीसुद्धा. त्यात हा ऑर्गन आमच्यापेक्षा चढ्या सुराचा. त्याच्यासाठी आम्हाला तारा ताणाव्या लागतात."

"म्हणजे हा वाजला नाही तर तुमची सुटकाच."

विनीत कसनुसा हसला. "कालपर्यंत मीही तेच म्हणत होतो. मग सबीनाने तो वाजवला. आता विचाराल तर माझ्या सगळ्या तारा तुटल्या तरी मला याच्याबरोबर वाजवायचंय."

"रॉकीबद्दल वेरोनिकाबायना तुम्हीच सांगितलंत?"

"हो. काल संध्याकाळी तो मागच्या दारी फोनवर बोलत होता, ऑर्गनची नळी काढायचं."

"हे तुमचे शब्द झाले. मला त्याचे शब्द हवेत."

विनीतने कपाळाला आठ्या घातल्या. "'एक नळो काढलो काय काम झाला. पप्पाक कळता नये.' असंच काहीतरी. पाचऐवजी एक म्हणाला एवढंच."

अनुजाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि गेलं.

*

सबीना कॉन्स्टान्सियोची पुतणी, मडगावला संगीत शिकवणारी. ऑर्गन तीच वाजवणार होती. बोटं एकमेकांत अडकवून ती ओट्यावर बसली होती.

"शेवटाक वरच्या सुरांची एक पळापळ आसा," ती म्हणाली. "थय माझो हात चुकता. लोक म्हणतीत, हिनाच पावे लपवल्यान."

"काल ते पावे वाजत होते?"

"घंटेसारखे! अंकल माज्या बाजूकच उभो होतो. मी वाजवतंय आणि अंकल म्हणता, 'वाजव गो, वरचे वाजव.' मी परत वाजवलंय. परत म्हणता, 'वाजव.' मगे मान हलवून गप ऱ्हवलो. चुकतंय म्हणून चिडवता, असा माका वाटला."

तेवढ्यात दाजी डोळे चोळत आले. चेहरा त्रासलेला. "खंयची झोप! त्या जास्वंदीत शिंजिर पाखरांचो बाजार भरलो हा. कानात सुयो टोचतत नुसती."

"दाजी, चोरी करून जाताना चोराने भोकं कातड्याने बुजवली. का बुजवली असतील?"

"चोर गेलो तो दार लावून गेलो म्हणाचा," दाजी म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाले. अनुजा मात्र हसली नाही. तिने मान डोलवली.

रॉकी आपल्या खोलीत बॅगेची चेन ओढत होता. तिशीचा, उन्हाने रापलेला. मालवणच्या बंदरातून पर्यटकांना होडीने किल्ल्यावर नेणं हा त्याचा धंदा. शर्टाच्या खांद्यावर विटकरी डाग.

"माका काय विचारू नका," तो म्हणाला. "माज्याच घरात माका चोर म्हटल्यानी. बस झाला."

"फोनार कोणाशी बोलत होतंस?"

"ता माझा माका. चार वाजता कळात सगळ्यांका."

"चार वाजता तू हय आसतलंस?"

रॉकीचा हात चेनवरच थांबला.

कॉन्स्टान्सियो घराच्या मागच्या पडवीत उभे होते. उंच, किडकिडीत, मागे फिरवलेले पांढरे केस. पाहुणे म्हटल्यावर त्यांना बोलायला हवंच होतं, पण त्यांचा एक हात आपल्या कामाच्या खोलीच्या कडीवरून हलत नव्हता.

"काय मास्तरांनू, बरे मा?" दाजी आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"बरो. पण कोकण काय आता पयला ऱ्हवाक नाय. आंबो वेळेर मोहोरना नाय, बांगडो खंय गेलो तो गेलो, पाखरांनी पण तोंडां मिटल्यानी..."

दाजींचा फोन वाजू लागला. नातीने त्यात घातलेली ती बारीक शिट्टी ऐकून वेरोनिका स्वयंपाकघरातून ओरडली, "तो बंद करा मरे!" दाजी खिसे चाचपू लागले. कॉन्स्टान्सियो मात्र बांगड्यावरून खाऱ्या हवेवर आले, आणि खारी हवा कथिल कसं खाते यावर पोचले. वाक्य कुठे तुटलं नाही.

"बरा तर," ते म्हणाले, "माका जरा काम आसा. चार वाजायच्या आधी संपवूक व्हया."

दार लागलं. अनुजा वळली तेव्हा दाजींना तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि ते घाबरलेच. इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं.

"काय झाला गो, बाय? चोर गावाक नाय?"

"गावलो," अनुजा म्हणाली. "गावलो नसतो तर बरा झाला असता."

*

लोक खुर्च्या घेऊन यायच्या आधी अनुजाने घरच्यांना आणि वादकांना कोपेलात बोलावलं. फक्त कॉन्स्टान्सियोंना नाही. रॉकी बॅग खांद्याला लावूनच दारात उभा राहिला. पुण्याच्या मंडळींना समजावं म्हणून ती पुस्तकी मराठीत बोलू लागली.

"पहिली गोष्ट. विनीत, रॉकीच्या फोनमध्ये तुम्ही नळो ऐकलंत आणि ऑर्गनची नळी समजलात. तुमचं चुकलं नाही. पुण्यात नळी म्हणजे नळीच. पण या घरात ऑर्गनच्या नळ्यांना पावे म्हणतात. आणि नळो म्हणजे आमच्याकडे कौल. आज आल्या आल्या दाजींनीच म्हटलं, नळे परतलेत."

"मी?" दाजी म्हणाले. "मगे मी बरोबर होतंय!"

"विनीत, तुम्ही वेरोनिकाबायना त्याचे शब्द सांगितले असते, तर त्यांनाही ते लगेच कळलं असतं. पण तुम्ही भाषांतर करून सांगितलंत, आणि त्या भाषांतरात एक माणूस चोर झाला."

विनीत लालबुंद झाला. अनुजाने वर बोट केलं.

"खिडक्या बंद आहेत. तरी सकाळी जमिनीवर उन्हाचा चौकोन होता. बाकावर कौलाची भुकटी होती, तीच रॉकीच्या खांद्यावर. छपरातलं एक कौल काढून तिथे काचेचं बसवलंय. सूर्य पश्चिमेला कलला तसा चौकोन ऑर्गनकडे सरकलाय, बघा. चार वाजता तो कुठे असेल, रॉकी?"

रॉकीने मान खाली घातली. "पट्ट्यांवर. पप्पा बॅटरी लावून त्या ऑर्गनात डोक्या घालून बसता. डोळे फुटतले त्येचे. म्हटलं, आज तरी उजेड पडूंदे." मग रागाने म्हणाला, "खोल्यो करूया म्हटलेलंय ता खरा. पण काल सबीनान वाजवल्यान, तेव्हा मी भायर उभो होतंय. मगे नळेवाल्याक फोन केलंय."

वेरोनिकाने तोंडावर हात ठेवला.

"आता पावे," अनुजा म्हणाली. "पाव्यांच्या जागी कातड्याच्या चकत्या आहेत. चकत्या नसत्या तर तिथून हवा गळली असती आणि बाकीचे सूर बिघडले असते. चोराला त्याचं काय? या ऑर्गनचा एकही सूर बिघडू नये असं वाटणाऱ्या माणसाने ते पावे काढलेत. भात्याचं कातडं त्याच्या हाताशी होतं. आणि त्याने काढले ते फक्त सगळ्यात बारीक आवाजाचे. वेरोनिकाबाय, आज तुम्ही सगळ्यांना विचारलंत. एकच माणूस राहिला. ज्याच्यापासून तुम्ही ही चोरी लपवली, तो."

"दादा?" वेरोनिका पुटपुटली. "तो आपलेच पावे कित्याक काढीत?"

"कारण त्यांना वाटलं, ते पावे मेले. काल सबीना ते सूर वाजवत होती आणि मास्तर शेजारी उभे राहून 'वाजव' म्हणत होते. ते चिडवत नव्हते. जास्वंदीतल्या शिंजिरांनी दाजींना झोपू दिलं नाही. मास्तर म्हणतात, पाखरांनी तोंडं मिटली. दाजींच्या फोनची शिट्टी स्वयंपाकघरात पोचली, पण हातभर अंतरावर उभ्या मास्तरांपर्यंत नाही. दाजींचा घोगरा आवाज मात्र त्यांना नीट ऐकू येतो." अनुजाने एकदा दाराकडे पाहिलं. "पाव्यांना काही झालेलं नाही. मास्तरांना बारीक आवाज ऐकू येईनासे झालेत. आणि हे त्यांना अजून ठाऊक नाही."

रॉकीने बॅग हळूच खाली ठेवली.

दार उघडलं. कॉन्स्टान्सियो आत आले. हातात रुमालाची पुरचुंडी. सगळ्यांना तिथे पाहून ते थबकले, मग जवळ येऊन त्यांनी रुमाल बाकावर सोडला. पाच चिमुकले पावे उजळून निघालेले होते.

"माका माफ करा," ते म्हणाले. "काल हे वाजाक नाय. तुमका सगळ्यांका कळला, पण माका वाईट वाटात म्हणून कोण काय बोलाक नाय. मी पण कोणाक सांगूक नाय. सकाळपासून घासतंय, फुंकतंय. आवाज येना नाय. खारी हवा खाऊन गेली ह्येंका."

अनुजा एक पाऊल मागे सरली. उत्तर देणं हे तिचं काम नव्हतंच.

रॉकी पुढे आला. कित्येक महिन्यांत तो बापाच्या इतक्या जवळ उभा राहिला नव्हता. त्याने सगळ्यात छोटा पावा उचलला, ओठांना लावला आणि फुंकला.

इतका बारीक आणि इतका निर्मळ सूर निघाला, की बाहेर जास्वंदीतली शिंजिरं एकदम गप झाली.

कॉन्स्टान्सियो पाव्याकडे पाहत नव्हते. ते माणसांकडे पाहत होते. विनीतची वर झालेली मान. सबीनाचे मिटलेले डोळे. दाजींनी कानात घातलेलं बोट. वेरोनिकाच्या गालांवरून ओघळणारं पाणी. मास्तरांनी आयुष्यभर मुलांना गणितं घातली होती. हे त्यांनी स्वतःच सोडवलं.

"वाजता?" त्यांनी विचारलं.

"वाजता, पप्पा."

"बरो वाजता?"

"एकदम बरो."

मग ते म्हणाले, "मगे पावो मरूक नाय. कान मेले." त्यांनी उरलेले चार पावे उचलून रॉकीच्या ओंजळीत ठेवले. "बसव परत. तुज्या हातान. मी सांगतंय कसा ता."

*

चार वाजता कोपेलात मुंगीला वाव नव्हता. मालवणच्या बाजारातली माणसं होती, शेजारच्या वाडीतली शेतकरी कुटुंबं होती, जाळं तसंच टाकून आलेले दोन म्हातारे मच्छीमार दारात उभे होते. काचेच्या कौलातून आलेलं ऊन बरोबर पट्ट्यांवर पडलं होतं आणि सबीनाची बोटं त्यात उजळली होती.

भात्यावर रॉकी होता. त्याच्या समोर, ऑर्गनला खेटून, कॉन्स्टान्सियो बसले. कपाटाच्या बाजूला उभ्या सगळ्यात मोठ्या, लाकडी पाव्यावर त्यांनी आपला तळवा ठेवला.

मोठ्या व्हायोलने सुरुवात केली. दुसरी तिच्यात मिसळली, मग तिसरी. एक जण एक वाक्य बोले, दुसरा तेच आपल्या आवाजात परत म्हणे, आणि कुणीही कुणाला गप करत नसे. मग ऑर्गन जागा झाला. खालच्या पाव्यांचा श्वास आधी पायाखालच्या फरशीत लागला, नंतर कानांत आला. कॉन्स्टान्सियोंचा तळवा त्या लाकडाबरोबर थरथरत होता. चेहऱ्यावर लहान मुलाचं नवल होतं. ते अजून सगळं ऐकत होते. जवळजवळ सगळं.

अनुजाला देवाधर्माचं फारसं नव्हतं. पण त्या दिवशी आपण हात कधी जोडले, हे तिला कळलं नाही. दाजींनी फोन कधीच गाडीत नेऊन ठेवला होता.

शेवटची पळापळ आली. सबीनाची बोटं वर, आणखी वर चढत गेली, आणि चुकली नाहीत. कॉन्स्टान्सियोंनी तळवा काढून घेतला. त्या पाच सुरांसाठी तो काही कामाचा नव्हता. त्यांनी भाता दाबणाऱ्या मुलाच्या तोंडाकडे नजर लावली. रॉकीच्या भुवया सुराबरोबर चढत गेल्या, ओठ उघडले, श्वास अडला. सगळ्यात छोट्या पाव्याशी तो चेहरा थांबला आणि फुलला.

टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलंच नाही.

"शेवटचो सूर वाजलो, पप्पा," रॉकी वाकून, आपला आवाज होईल तितका जाड करून म्हणाला.

"ठावक आसा," कॉन्स्टान्सियो म्हणाले. "ऐकलंय मी. तुज्या तोंडार."